जागांची अदलाबदल

बसायची उशी काखोटीला मारून मंदाबाई एक नंबरच्या लॅमिनार कपाटापुढून उठली आणि दीपमालाच्या चार नंबरवर जाऊन बसली. कपाटातली गाळलेली हवा तोंडावर आली. तिच्या जुन्या जागेवर आता दीपमाला चिमटा तापवत होती.

ही अदलाबदल प्रशीलसरांची. नशिराबादजवळच्या या लॅबमध्ये केळीचे कोंब कापून बाटलीत लावायचं काम मंदाबाई चौदा वर्षं करत होती; नव्या मुलींना शिकवायचीही तीच. पण महिनाभर तिच्या बाटल्यांना बुरशी लागत होती, आणि भडगावहून येऊन जेमतेम सहा महिने झालेल्या दीपमालाच्या बाटल्या मात्र लख्ख.

“दोष हाताचा की जागेचा, ते आठ दिवसांत कळेल,” सर म्हणाले होते. “फक्त जागा बदला. बाकी काही बदलायचं नाही.”

दोष हाताचा निघाला, तर शिकवण्याचं काम दीपमालाकडे जाणार हे कुणी न सांगताही सगळ्यांना ठाऊक होतं. मंदाबाईचा नुसता जळफळाट चालला होता. हिचे हात काय सोन्याचे लागून गेलेत?

तिसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ती रोपांच्या खोलीत शिरली. दीपमालाच्या तीन बाटल्यांची झाकणं उघडून तिने आतल्या खाद्याला बोट लावलं आणि झाकणं पुन्हा घट्ट बसवली. मग बाहेर येऊन आपल्या डब्यातली अर्धी कळण्याची भाकरी दीपमालाला दिली.

आठव्या दिवशी सरांनी बाटल्या टेबलावर मांडल्या. मंदाबाईची एकही खराब नव्हती. दीपमालाच्या अकरा.

“मंदाबाई, तुमचा हात स्वच्छ आहे,” सर म्हणाले. “या आठांत काळी बुरशी आहे, ती हवेतून येते. एक नंबरचा फिल्टर फाटलाय.”

मंदाबाईचा जीव भांड्यात पडला. पण सरांनी उरलेल्या तीन बाटल्या बाजूला सरकवल्या.

“या दुधाळ झाल्यात. हे हवेचं काम नाही, बोट लागलंय. दीपमाला, मंदाबाईंकडून पुन्हा पहिल्यापासून शिक.”

दीपमाला आपले तळवे उलटसुलट करून बघत राहिली. मंदाबाईला हवं होतं ते हेच. आणि आता ते तिला बघवेना.

हात धुवायच्या नळापाशी पोर हळूच म्हणाली, “अक्का, माले परत हात धवाले शिकाडा. मनाच हात खराब शे.”

मंदाबाईने तिचे हात आपल्या हातात घेतले. नखं मुळापर्यंत कापलेली, मळाचा कण नाही. दीपमालाने सोडलेला नळ तिने बंद केला.

“सर अजून खोलीमा शेतस का,” ती म्हणाली, “दख बरं.”