लांब लोकर

मी एक लाकडी पेटी बोलतेय. लांबीला दीड हात, रुंदीला हातभर. वर झाकण आहे आणि पुढच्या फळीला आत-बाहेर करायला एक खाच. दागिने, कागदपत्रं असलं काही माझ्या नशिबी कधी आलं नाही. मी सशिणीची बाळंतखोली आहे.

मला घडवलं ते सूनबाईच्या सासऱ्यांनी. ते जुने सुतार. पण हात थरथरायला लागल्यापासून त्यांनी करवत खुंटीला टांगली होती, ती टांगलेलीच. सूनबाई लांब लोकरीचे ससे पाळायची. त्यांची लोकर कातरायची, पिंजायची आणि तिचं मऊ सूत काढायची. तिची लाडकी पांढरी सशीण म्हणजे ढगी. ढगी पहिल्यांदा व्यायली तेव्हा सूनबाईची दिवस मोजण्यात चूक झाली. पिंजऱ्यात ना गवत, ना आडोसा. पिल्लं उघड्या जाळीवर पडली आणि सातही गारठून मेली.

सूनबाई दिवसभर जेवली नाही. सासऱ्यांनी करवत खाली काढली. मोडक्या कपाटाच्या फळ्या होत्या, त्या कापायला त्यांना तीन दिवस लागले. एक खिळा वाकडा गेला, तो अजून माझ्या अंगात आहे.

"चालेल का गं?" त्यांनी विचारलं.

"पळेल, बाबा!" सूनबाई कितीतरी दिवसांनी हसली.

दुसऱ्या वेळी ढगी माझ्यात व्यायली. आदल्या दिवशी तिने स्वतःच्या पोटाची लोकर तोंडाने उपटून माझ्यात अंथरली. अशी गादी राजाच्या घरीही नसेल. त्यात आठ जीव, उघडेवाघडे, डोळे मिटलेले, एकमेकांना चिकटून. मला वाटलं, जन्माचं सार्थक झालं.

तेवढ्यात शेजारच्या काकू आल्या. "हात लावू नकोस हं," त्या म्हणाल्या, "माणसाचा वास लागला की आई पिल्लांना टाकते. आठवडाभर ढुंकूनही बघायचं नाही." काकूंनी आयुष्यात ससा पाळला नव्हता, पण सांगितलं असं ठासून, की सूनबाईची छाती होईना माझं झाकण उघडायची.

आणि माझ्या पोटात काय चाललं होतं ते मलाच माहीत. पिल्लं वळवळायची, तशी ती लांब लोकर पिळत जायची. पिळून पिळून तिचा दोरा व्हायचा. कुणाच्या पायाला वेढा बसला, कुणाच्या गळ्याला. मला तोंड असतं तर ओरडले असते. पाचव्या दिवशी सूनबाईला राहवलं नाही. तिने झाकण उचललं आणि एकेक पिल्लू चाचपून पाहिलं. आठातलं एकही राहिलं नव्हतं.

ती रडली नाही, हे मला जास्त लागलं. तिने मला धुतलं, पुसलं आणि दाराशी नेऊन ठेवलं. पुढे सहा महिने माझ्यात चपला राहिल्या. माणसाचं एक बघितलंय मी. दुःख झालं की तो वस्तूचं काम बदलतो. सासरे येता-जाता माझ्याकडे बघायचे आणि मान वळवायचे.

मग एकदा सूनबाईची मोठी नणंद चार दिवस राहायला आली. तिचं केस कापायचं दुकान. बोलण्यात तिचा हात धरणारं कुणी नाही. चपला काढताना तिने विचारलं, "ही एवढी चांगली पेटी चपलांना?" तेव्हा सूनबाईने पहिल्यांदा सगळं सांगितलं, लोकरीच्या वेढ्यांसकट.

नणंद हातातली चप्पल तशीच धरून ऐकत राहिली. मग म्हणाली, "वहिनी, अगं माझ्या दुकानात एक बाई आली होती, तान्ह्या बाळाला घेऊन. बाळ रडायचं थांबेना. मोजा काढला तर आईचाच केस अंगठ्याला गुंडाळलेला, अंगठा जांभळा पडलेला. डॉक्टरांकडे पळवलं म्हणून वाचला. आता तिच्या मायेत काही खोट होती का? केस लांब होता, एवढंच. ढगीची लोकर आपण बारीक कापून घालू की!"

"नको, वन्सं. त्या मुक्या जिवाला किती वेळा हे सोसायला लावू?"

इतका वेळ कोपऱ्यात बसलेले सासरे बोलले, "पोरी, तुझं मन होत नसेल तर राहू दे. पण त्या पेटीतल्या चपला मला बघवत नाहीत."

सूनबाई उठली. तिने एकेक चप्पल बाहेर काढली.

या वेळी ढगीला नराजवळ सोडलं त्या दिवसापासून तारखांवर खुणा झाल्या. अठ्ठाविसाव्या दिवशी मला ऊन दाखवून पिंजऱ्यात ठेवलं. तळाशी सुकं गवत, वर नणंदेने जाण्याआधी कात्रीने नखाएवढी बारीक कापून ठेवलेली लोकर. ढगीच्या पोटाची लोकरही आधीच आखूड केली होती. तिला सहा पिल्लं झाली. सूनबाई रोज सकाळी हात धुऊन, ते गवतावर चोळून एकेक पिल्लू उचलून बघायची. ढगी निवांत पाला खात असायची. वास लागला म्हणून तिने कुणालाही टाकलं नाही.

तरी सहाव्या सकाळी घात व्हायचाच होता. एक पिल्लू आईच्या आचळाला लटकून बाहेर ओढलं गेलं आणि जाळीवर पडून राहिलं. माझी खाचच फार खाली होती. सूनबाईने उचललं तेव्हा ते दगडासारखं गार होतं.

"गेलं," सासरे पुटपुटले. "माझंच माप चुकलं."

"गार झालंय, बाबा. गेलं असं मी आत्ताच म्हणणार नाही." तिने ते पिल्लू कपड्यांच्या आत पोटाशी धरलं, वर शाल घेतली आणि तशीच बसून राहिली. चहा निवला. सासरे दारापर्यंत जात होते, परत येत होते. बऱ्याच वेळाने ती दचकली.

"बाबा! मला नख लागलं!"

ते ऐकून म्हातारा भिंतीला टेकून लहान मुलासारखा रडला. मग डोळे पुसून हातोडी शोधायला गेला. त्याच दुपारी माझ्या खाचेला चार बोटं उंच पट्टी लागली. दोन घाव त्यांच्या अंगठ्यावर बसले, पण खिळे सरळ गेले.

आज सतरावा दिवस. सहाही जणांचे डोळे उघडलेत. पट्टीवरून उड्या मारून बाहेर जातात, परत येतात, मला शांत बसू देत नाहीत. माझं एवढंच मागणं आहे. ज्याच्या घरी असे नाजूक जीव असतील, त्याने ऐकीव भीतीपायी झाकण मिटून बसू नये. रोज उघडावं, बघावं, ऊब द्यावी.

काल नणंद पुन्हा आली होती. "त्यातलं गार पडलेलं कोणतं गं?" तिने विचारलं. सूनबाईने सगळ्यांना मांडीवर घेतलं, उलटंपालटं करून पाहिलं आणि हसत मान हलवली. तिला ओळखता आलं नाही. खरं सांगू? मलाही नाही.