मऊ बाटली

क्रेटमध्ये काचेच्या तेवीस बाटल्या होत्या आणि कोपऱ्यात एक प्लास्टिकची. काचेच्या बाटलीत काय चाललंय ते बाहेरून कळत नाही, म्हणून एक प्लास्टिकची भरून ठेवावी, असं बिअर बनवायच्या पुस्तिकेत लिहिलं होतं. बिअरमध्ये वायू तयार झाला की ही बाटली कडक होते. रोज सकाळी चहा झाला की बाबा स्टोअररूममध्ये जात, तिला अंगठ्याने दाबून बघत आणि बाहेर येऊन सांगत, "मऊ."

माझा नवरा विनीत मोजे चढवता चढवता म्हणायचा, "बाबा, दुकानात तयार मिळते. फोडली, प्यायली, खलास."

"पोळ्याही दुकानात मिळतात, विनीतराव. तरी तुम्ही घरी जेवता."

हे सामान आईने आणवलं होतं. बाबांच्या साठीला तिने इंग्लंडातल्या मामेभावाकडून बिअर बनवायचा संच मागवला. ती स्वतः कधी प्यायली नाही, पण इथे बहारीनमध्ये, ईसा टाउनच्या शाळेत तिने बावीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं होतं आणि साखरेचं काय होतं हे तिला घरात बघायचं होतं. यीस्टच्या पाकिटावर तिने तिच्या ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं : रिटायर झाल्यावर. आधी नाही.

बाबा रिटायर झाले ते मार्चमध्ये. एप्रिलमध्ये आई गेली. बाबा आपली जागा सोडून रिफाला आमच्याकडे राहायला आले, आणि त्या संचाचा खोका त्यांच्या पलंगाखाली सरकला.

त्यानंतरचे महिने बाबा वाईट नव्हते. जेवत होते, विचारलं तर उत्तर देत होते. मात्र स्वतःहून काही विचारत नव्हते. नोव्हेंबरच्या एका शुक्रवारी त्यांनी मला विचारलं, "आपल्याकडे वीस लिटरचं पातेलं आहे का गं?" मी शेजारच्या जुबैदाकडून बिर्याणीचा टोप आणला. तो कशासाठी हवा होता ते मात्र तिला सांगितलं नाही. बाबांनी नियम घातले होते : विकायची नाही, वाटायची नाही, उंबऱ्याबाहेर न्यायची नाही.

यीस्टच्या पाकिटावरची मुदत उलटून चौदा महिने झाले होते.

"नवीन मागवू या," मी म्हटलं.

"हेच."

"मेलेलं असेल बाबा ते." शब्द तोंडातून गेला आणि मला तो परत घ्यावासा वाटला.

"असेल," बाबा म्हणाले. "बघू."

सगळं उकळून, गार करून, ते यीस्ट घालून संचातल्या पिंपात भरलं; तीन दिवस पिंपात काही हललं नाही. चौथ्या दिवशी झाकणातल्या नळीतून एक बुडबुडा आला. बाबांनी मला ऑफिसात फोन केला आणि फोन नळीपाशी धरला. मला एसीच्या घरघरीशिवाय काही ऐकू आलं नाही, पण मी म्हटलं, ऐकू आला. डिसेंबरच्या अखेरीला आम्ही साखरेचं पाणी घालून बाटल्या भरल्या, बुचं ठोकली. दोन आठवडे थांबा, असं पुस्तिका म्हणत होती.

तिसरा आठवडा संपत आला तरी बाटली मऊच होती. बाबा "मऊ" म्हणायचेही बंद झाले. नुसती मान हलवायचे. मला बिअरचं काही नव्हतं. पण ते पुन्हा पलंगावर बसून भिंतीकडे बघायला लागतील, आणि या वेळी पलंगाखाली उघडायचा खोकाही नसेल, याची मला भीती होती.

कोपऱ्यावरच्या कोल्ड स्टोअरमधून, म्हणजे इथल्या वाण्याकडून, मी पावाच्या यीस्टची पुडी आणली. सकाळी बाबा फिरायला गेले की प्रत्येक बाटलीत चिमूटभर घालायचं आणि नवी बुचं ठोकायची, असा बेत होता. पुडी आणि ओपनर घेऊन मी स्टोअररूममध्ये गेले. एक बाटली उचलली. ती फ्रीजमधून काढल्यासारखी गार होती. पायांखालच्या फरशा त्याहून गार. मी अनवाणी होते, म्हणून कळलं.

बाबा तीस वर्षं बहारीनच्या उन्हाळ्याशी भांडले आहेत. तूप, औषधं, लोणचं, बॅटरी, सगळं उन्हापासून वाचवायचं, घरातली सगळ्यात थंड जागा शोधायची, ही त्यांची सवय आहे. जानेवारीतही त्यांनी बिअर उत्तरेकडच्या खिडकीखाली फरशीवर ठेवली होती.

मी बाटली न उघडता परत ठेवली. बाबा आल्यावर त्यांना हाताला धरून स्टोअरमध्ये नेलं.

"चपला काढा."

"कशाला?"

"काढा तर."

ते फरशीवर उभे राहिले. पायांकडे बघत म्हणाले, "गाढव आहे मी."

"आई हिवाळ्यात इडलीचं पीठ कुठे ठेवायची?"

"शुभदा ओव्हनमध्ये ठेवायची. नुसता दिवा लावून. आणि शालीत गुंडाळून."

क्रेट काही ओव्हनमध्ये मावत नव्हतं. आम्ही ते उचलून स्वयंपाकघरात फ्रीजच्या मागच्या बाजूला, जिथे उबारा असतो, तिथे ठेवलं. मी जुनी चादर शोधत होते, तेवढ्यात बाबा खोलीतून आईची तपकिरी शाल घेऊन आले. ती तिच्या कपड्यांबरोबर देऊन टाकली असं मी समजत होते. त्यांनी क्रेटभोवती दोन वेढे घेतले आणि गाठ मारली.

"पिठाचे डाग आहेत अजून," ते म्हणाले.

पाचव्या दिवशी चहा व्हायच्या आधीच त्यांनी मला हाक मारली. मी प्लास्टिकची बाटली दाबून बघितली. अंगठा आत जाईना. विनीतलाही दाबायला लावली. तो म्हणाला, "यल्ला, चला, फोडा," आणि बाबा म्हणाले, "अजून चार दिवस. मग दोन दिवस फ्रीज. आधी नाही."

शुक्रवारी दुपारी तळलेल्या सुरमईबरोबर पहिली बाटली उघडली. फुस्स झालं. फेस आला आणि बऱ्यापैकी टिकला. चव थोडी कडू, थोडी पावासारखी. विनीतने मिशी पुसली आणि दुसरा पेला पुढे केला, यापलीकडे त्याने मत दिलं नाही.

"शंभरात बासष्ट," बाबा म्हणाले.

"आईने किती दिले असते?"

"अठ्ठावन्न. ग्रेस धरून."

मग मी त्यांना पावाच्या यीस्टचं सांगितलं. ते काटे काढत ऐकत होते.

"घातलं असतंस तर मला कळलं असतं?"

"नाही."

"मग का नाही घातलंस?"

"पाय गारठले."

ते हसले. एप्रिलनंतर मी त्यांचे दात पहिल्यांदा बघितले. त्या पुडीचे मी दुसऱ्या दिवशी पाव केले. बरे झाले.

त्या पहिल्या बाटलीच्या तळाशी बोटभर बिअर बाबांनी न ओतता ठेवली होती. तिच्यात पांढरट साका होता. त्यांनी ती हलवून, जॅमच्या उकळून घेतलेल्या रिकाम्या बाटलीत काढली आणि फ्रीजमध्ये विरजणाच्या वाटीशेजारी ठेवली. वर चिकटपट्टी लावून लिहिलं : यीस्ट. शुभदाचं. दह्याला वापरू नये.

सकाळी चहा झाल्यावर ते सवयीने स्टोअरच्या दारापर्यंत गेले, तिथून वळले आणि फ्रीज उघडून वाकले.

"काय म्हणतंय?" विनीतने मोजे चढवता चढवता विचारलं.

"बसलंय खाली," बाबा म्हणाले. "कश्मिरा, तो टोप जुबैदाला इतक्यात परत देऊ नकोस."