सालींचा कोळसा

लाकडी कोळसा महाग झाला, तेव्हा नोकरी सोडून मी केळ्यांच्या सालींचा कोळसा बनवायला घेतला. कलेर्वेच्या बाजारात नालोंगोच्या खानावळीने तो घेतला, तर बाकीच्याही आपसूक घेतील, हे मला ठाऊक होतं. म्हणून तान्ह्या मुकिसाला पाठीला बांधून मी सकाळीच तिच्या चुलीपाशी जाऊन बसले.

माझ्या कोळशावर ठेवलेलं चहाचं आधण काही उकळेना.

"मुकिसाची आई, तुझा कोळसा झोपलाय का गं?" नालोंगो म्हणाली. "की कॉलेजात फुंकायला शिकवलं नाही?"

भाजीवाल्या फिदीफिदी हसल्या. मी मात्र आजूबाजूला बघत होते. शेजारच्या चुलीवर पानांत गुंडाळलेली हिरवी केळी वाफेवर शिजत होती आणि तिथला लाकडी कोळसा भडकू नये म्हणून नालोंगो सारखी त्यावर राख लोटत होती.

"नालोंगो, चहा उतरवा. केळ्यांचं पातेलं इथे ठेवा, आणि राखेला हात लावू नका."

"कच्ची राहिली तर?"

"तर कोळसा उचलून जाते, पुन्हा तोंड दाखवणार नाही."

दुपारी गिऱ्हाईकं आली तेव्हा केळी पिवळीधमक, मऊसूत झाली होती आणि निखारे अजून तसेच मंद होते. धूर नव्हताच, त्यामुळे मुकिसा त्या चुलीशेजारी एकदाही खोकला नव्हता.

नालोंगोने सालींचं पोतं माझ्यापुढे सरकवलं. "हे टाकायला मी रोज माणूस शोधते. आता तूच ने, आणि कोळसा करून आण. चहाला मात्र माझा जुनाच हं!"