खालच्या सुरांसाठी

बसचालकाच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर काकांनी क्लॅरिनेट शिकायला घेतलं. "आयुष्यभर हॉर्न वाजवला, आता जरा सुरात वाजवतो," असं ते पहिल्याच दिवशी शिकवणाऱ्या बाईंना म्हणाले होते. हात लवकर बसला. वरच्या सुरांतल्या चपळ चिजा ते हौसेने वाजवत आणि वाजवून झालं की खिडकीतून बाहेर बाकावर बसलेल्या काकूंकडे बघत. काकू मान हलवत, पण विणकामावरून डोळे वर करत नसत.

मग काकांना अर्धांगाचा हलका झटका आला. हातपाय सुधारले, बोलणं थोडं जड राहिलं, आणि ओठाची डावी कड सैल पडली ती पडलीच. वरचा सूर लावायला ओठ आवळावे लागतात, ते त्यांना जमेना. सूर चिरकायचा आणि कडेने हवा निसटायची. खालचे सूर मात्र शाबूत होते. उलट, पूर्वीपेक्षा भरीव लागत होते.

बाईंनी त्यांच्यापुढे नवशिक्यांचं पुस्तक ठेवलं, कारण फक्त खालच्या सुरांचं तेवढंच पुस्तक होतं. काकांनी दोन पानं वाजवली आणि पुस्तक मिटलं.

"बाई, हे बाळबोध आहे. नातवंडं हसतील."

"शोधते काहीतरी," बाई म्हणाल्या.

त्यांच्या थोरल्या बहिणीचे यजमान वाद्यांचं आणि नोटेशनच्या पुस्तकांचं दुकान चालवत. बाईंनी तिथली कपाटं उपसली. जे उचलावं ते चार ओळी खाली रेंगाळून सरळ वर धावायचं.

"भावोजी, सबंध खालीच राहील असं काहीच नाही?"

"अगं, वर जाता येत असताना खाली कोण बसेल? लिहिणाऱ्यालाही टाळ्या हव्या असतात," भावोजी शिडीवरून म्हणाले. "जुन्या नाट्यगृहात बघ. दुरुस्ती चाललीय, तळघर रिकामं करतायत. रद्दीवाल्याच्या आधी पोचलीस तर नशीब तुझं."

तळघरात वादकांचे जुने कागद गठ्ठ्यांनी पडले होते. नाट्यगृहाच्या व्यवस्थापिकेने एक खुर्ची दिली, पण ती डुगडुगत होती, म्हणून बाई जमिनीवरच बसल्या. बरंचसं व्हायोलिनचं होतं. काहींची कसरीने चाळण केली होती. दुपार कलताना त्यांच्या हाती क्लॅरिनेटचे काही सुटे कागद आले. हाताने लिहिलेलं, संथ, आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत खाली. बाईंनी पुन्हा एकदा सबंध बघितलं. मध्ये लांब विराम होते, आणि प्रत्येक विरामावर बारीक अक्षरात तुटके शब्द: '...आणि कुलूप तसंच.' '...म्हणून मी नाही गेले.'

मग त्यांच्या लक्षात आलं. पात्रं बोलत असताना वाजवायचं संगीत होतं ते. वाक्य बुडू नये म्हणून वाद्याला खाली ठेवलेलं, आणि लांब संवादापुरतं थांबल्यावर तो कुठे संपला की पुन्हा सुरू करायचं ते कळावं म्हणून शेवटचे शब्द टिपलेले. नाटकाचं नाव कुठेच नव्हतं. व्यवस्थापिकेलाही ठाऊक नव्हतं.

काकांनी ते वाजवायला घेतलं. पहिल्या विरामाशी थांबले आणि थांबूनच राहिले.

"इथे किती वेळ गप्प बसायचं?"

"कुणीतरी बोलून संपवेपर्यंत."

"कोण बोलणार?"

बाईंनी दार उघडून काकूंना आत बोलावलं. काकूंनी विणकाम पिशवीत घातलं, चष्मा पुसला आणि वाणसामानाची यादी वाचावी तसं वाचलं, "आणि कुलूप तसंच." काका सुरू झाले. शेवटापर्यंत दोघं न चुकता गेली.

"पण ती का नाही गेली?" काकूंनी विचारलं. "आणि कुठे?"

"ते कागदात नाही," बाई म्हणाल्या.

"हे काय अर्धवट!" काकू म्हणाल्या, पण कागद खाली ठेवला नाही. नंतर घरी त्यांनी प्रत्येक तुटक्या वाक्याला स्वतःच पुढचं-मागचं जोडलं. काकांना ते रोज ऐकावं लागे, आणि रोज थोडं बदललेलं असे.

विद्यार्थ्यांच्या कार्यक्रमात दोघांनी ते सादर केलं. मधल्या एका विरामात काकू वाक्य विसरल्या. काका क्लॅरिनेट ओठांशी धरून वाट बघत राहिले. सभागृहात कुणीतरी खोकलं.

"अहो, वाजवा आता," काकू म्हणाल्या. "मला सुचेल तेव्हा सुचेल."

लोक हसले. काकांच्या ओठाची उजवी कडही हसली, त्यामुळे पुढचे दोन सूर वाया गेले. मग ते सावरले आणि उरलेलं नीट वाजलं. टाळ्या बेताच्याच पडल्या. एका पालकांनी बाईंना सांगितलं की हे संगीत नव्हतं, नाटक होतं. बाई "हो" म्हणाल्या.

पुढच्या आठवड्यात काका-काकू दोघंही वर्गात येऊन बसली. "दुसरं काही सापडतंय का बघा," काका म्हणाले. "हिला आता भांडणाचा प्रसंग हवाय."

बाईंनी दुसऱ्या एका नाट्यगृहाला फोन लावला. तिथल्या माणसाने तळघर नाही, पण माळा आहे, असं सांगितलं.