दुसऱ्याच्या हातचं काडतूस

"छपरावर ठेवला होता," ग्लेनिस म्हणाली. "शेताचं फाटक लावायला उतरले, हातातला डबा गाडीच्या छपरावर ठेवला, फाटक लावलं आणि आले निघून."

चांदमारीवरच्या पत्र्याच्या शेडमध्ये सगळे एकदम हसले. कप्तान डेस तेवढा हसला नाही. शेजारच्या बिलार्गा गावाविरुद्धची, बक्षिसाच्या ढालीसाठीची वार्षिक लढत सुरू झाली होती. यजमान कुराबिन क्लबाचे दोन नेमबाज आपल्या गोळ्या झाडून आले होते, तिसरा नेम धरून सतरंजीवर पालथा पडला होता आणि शेवटचा नंबर ग्लेनिस ट्रेविनचा होता. सगळी भिस्त तिच्यावर, आणि तिच्या काडतुसांचा डबा सतरा मैलांच्या रस्त्यावर कुठंतरी कांगारूंच्या पायाशी लोळत होता.

"शाळेची बस चालवतेस ना तू?" गुणांचा तक्ता मांडीवर घेऊन बसलेला क्लॅरी हॉब्डेन म्हणाला. "एखादं पोरगं नाही विसरलीस कधी छपरावर?"

"फुसक्यानं बोलू नये," ग्लेनिस म्हणाली.

क्लॅरीनं मान खाली घालून तक्त्यावर नसलेली धूळ पुसली.

हे नाव त्याला गेल्या वर्षी याच लढतीत पडलं होतं. क्लॅरीनं उभी हयात गावातल्या धान्य-कोठाराच्या वजनकाट्यावर काढली. दिवसभर गव्हाचे ट्रक टनांनी तोलायचे आणि संध्याकाळी घरी येऊन बंदुकीची बारूद दाण्यादाण्यानं तोलायची. लांब पल्ल्याचे नेमबाज काडतुसं विकत घेत नाहीत. झाडलेलं पितळी टरफल जपायचं, साफ करायचं, त्याच्या बुडाशी ठिणगी पाडणारी नवी टोपी बसवायची, मोजून बारूद घालायची आणि वर गोळी दाबायची. या कामात क्लॅरीचा हात धरणारा सगळ्या तालुक्यात नव्हता. अर्ध्या गुंजेचा फरकही त्याला खपत नसे. वाऱ्यानं काटा हलतो म्हणून स्वयंपाकघरातला पंखा बंद, दार बंद, खिडकी बंद. उन्हाळ्यात त्याची बायको एल्सा चहाचा कप घेऊन व्हरांड्यात जाऊन बसायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "आत महाराजांची पूजा चाललीय."

आणि या माणसानं गेल्या वर्षी ढालीच्या शेवटच्या गोळीला चाप ओढला तर नुसतं फुस्स. एका टरफलात बारूद घालायचीच राहून गेली होती. टोपीच्या जोरावर गोळी जेमतेम नळीत शिरली आणि तिथंच अडकली. तिच्यामागून दुसरी झाडली गेली असती तर नळी फुटून क्लॅरीचं तोंड फुटलं असतं. तसं काही झालं नाही; फक्त ढाल गेली. बिलार्गावाले पोट धरधरून हसले आणि 'फुसका बार' हे नाव ग्लेनिसनं जागच्या जागी ठेवलं. तीस वर्षं ती त्याच्याशी स्पर्धा करत आली होती, एवढा हक्क तिला होताच.

क्लॅरीही हसला होता. मग आठवड्याच्या आत त्यानं रायफल विकायला काढली. डोळ्यांचं निमित्त सांगितलं. घेतली ग्लेनिसनंच. शनिवारी तो चांदमारीवर यायचा तो गुण मांडायला, आणि एल्सानं भाजून आणलेल्या स्कोन-पावांवर लोणी लावायला.

"कुणाची तरी उसनी घे," कुणीतरी म्हणालं.

"ती बोर्डावरची ओळ वाच," डेस वैतागून म्हणाला. "आणि घेऊन करणार काय? तिच्या रायफलीत बसायला नकोत?"

बोर्ड भिंतीवर होता. 'दुसऱ्यानं भरलेलं काडतूस आपल्या रायफलीत घालू नये.' क्लॅरी क्लबाचा चिटणीस असताना त्यानं स्वतः रंगवलेला. आणि बसण्याचं म्हणाल तर, पायाला जोडा रुळावा तसं टरफल एकाच रायफलीला रुळतं. दुसरीत ते एक तर अडतं नाहीतर ढिलं पडतं.

एल्सा चहाच्या टेबलामागून बघत होती. तिनं किटली खाली ठेवली.

"क्लॅरी," ती म्हणाली, "गाडीच्या सीटखाली काय आहे ते सांगतोस की मी सांगू?"

"काही नाही. हत्यारं आहेत."

"पन्नास काडतुसं आहेत," एल्सानं सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. "ग्लेनिस वापरतेय त्याच रायफलीची. बंदूक विकली, पण टरफलं नाही विकली यानं! दर शुक्रवारी भरतो, शनिवारी इथं फिरवून आणतो आणि सोमवारी बसतो फोडायला. काडतूस पोकळ हातोडीत अडकवायचं आणि लाकडी ओंडक्यावर ठाक-ठाक-ठाक. गोळी काढायची, बारूद वाटीत ओतायची. का, तर आत होती की नाही बघायला! शेजारच्यांचा कुत्रा दर सोमवारी भुंकून भुंकून घसा बसवून घेतो."

पुन्हा हशा झाला. क्लॅरीचे कान लाल झाले.

"आणि या शुक्रवारी तर नव्या कोऱ्या गोळ्यांची पेटी फोडली," एल्सानं शेवटचं पान टाकलं. "ढालीची लढत ना. कुणी विचारलं नव्हतं हं याला."

ग्लेनिस हसली नाही. ती क्लॅरीपुढं येऊन उभी राहिली. "दे."

"नाही."

"नियमासाठी म्हणतोस?"

"नियम माझा नाही, शहाण्यांचा आहे. मी फक्त रंगवला." क्लॅरीचा आवाज चढला. "अगं, एखाद्यात बारूद नसली तर? घाईत पुढची झाडलीस तर? तोंड कुणाचं फुटेल? माझं नाही!"

तो इतकं बोलेल असं कुणालाच वाटलं नव्हतं. त्यालाही नाही. वर्षभर त्याच्या मनात हेच घोळत होतं. रात्री अंथरुणावर पडलं की हात बारूद घालतोय असं दिसायचं, आणि सगळी घातली का हे आठवायचंच नाही. दर सोमवारी पन्नासच्या पन्नास भरलेली निघायची आणि शुक्रवारी भीती पुन्हा हजर.

ग्लेनिसनं सीटखालून डबा काढून आणला, एक काडतूस कानाशी धरून हलवलं. "वाजतंय की आत!"

"माझ्याही कानाला गेल्या वर्षी वाजलंच होतं."

"मग तोल," ग्लेनिस म्हणाली. "तुला तोलण्याशिवाय येतं काय दुसरं? बारूद नसेल तर काडतूस हलकं भरेल. तुझा जुना काटा आहे की कपाटात. माझ्या डोळ्यांदेखत तोल. माझा नंबर यायला वेळ आहे."

काटा निघाला. रायफल विकल्यावर त्यानं तो क्लबाला देऊन टाकला होता. तेव्हापासून तो साखरेच्या बरणीमागं पडून होता. पण शेडच्या पत्र्यातून असा वारा घुसत होता की काट्याची दांडी एक क्षण ठरेना. शेवटी क्लॅरीनं गाडीकडं बोट दाखवलं.

दोघं गाडीत बसली. मधल्या सीटवर बर्फाची पेटी आडवी ठेवली, तिच्या एका कोपऱ्याखाली गुणांचे कोरे कागद घड्या घालून सारले, वर काटा. काचा वर. गार हवेचा पंखा बंद, कारण त्यानंही दांडी हलते. मार्च असूनही ऊन तिकडच्या भर उन्हाळ्याचं, जानेवारीचं होतं. बघता बघता गाडीची भट्टी झाली.

"श्वास तिकडं सोड," क्लॅरी म्हणाला.

"कुठं सोडू? काच वर आहे!"

"मग सोडूच नकोस."

पहिलं काडतूस पारड्यात गेलं. दांडी डुलली, डुलली आणि रेघेवर थांबली. बरोबर. दुसरं. बरोबर. घामाचा थेंब नाकाच्या शेंड्यावर जमला तसा क्लॅरीनं तो बाहीनं टिपला; पारड्यात पडला असता तर वजन वाढलं असतं. बाहेर एल्सा आणि निम्मा बिलार्गा संघ काचेला नाक लावून बघत होता.

"क्लॅरी," ग्लेनिस काट्यावरची नजर न काढता म्हणाली, "ती रायफल माझं ऐकत नाही. काय काय करून बघितलं. तुझ्याकडं असताना आज्ञाधारक पोरासारखी वागायची."

"बारूद जास्त घालतेस तू. नेहमीच घालायचीस."

"हाताला चव असते. तुझ्या आहे, माझ्या नाही. बस चालवणारी बाई मी, माझं सगळं घाईत." तिनं तोंड भिंतीकडं करावं तसं काचेकडं करून श्वास सोडला. "आणि ते फुसका बार... मी थट्टेनं म्हटलं होतं. तू बंदूकच टाकशील हे माहीत असतं तर जीभ चावली असती."

क्लॅरीनं पारड्यातलं काडतूस उचलून पुसलं आणि तिच्या ओंजळीत ठेवलं.

बारा काडतुसं झाली. दोन वाऱ्याचा अंदाज घ्यायला, दहा गुणांसाठी.

"पुरे," ग्लेनिस म्हणाली.

"थांब. तीन जास्तीची तोलतो."

"क्लॅरी हॉब्डेन, इथंच मरेन मी! पुरे!"

दार उघडून दोघं बाहेर पडली तेव्हा पाण्यातून काढल्यासारखी निथळत होती. बिलार्गाच्या एकानं विचारलं, "आत काय लग्न लागलं का?" एल्सा म्हणाली, "लागलं असतं तरी मला चाललं असतं. सोमवारची ठाक-ठाक हिच्या घरी गेली असती."

ग्लेनिस सतरंजीवर पालथी पडली. तिच्यामागं खुर्ची टाकून, दुर्बिणीला डोळा लावून क्लॅरी बसला. सातशे यार्डांवर लक्ष्य टिकलीएवढं दिसत होतं. तिनं पहिलं काडतूस सरकवलं, नळीची मागची झाप बंद केली. क्लॅरीनं डोळे मिटले.

धडाम्.

इतका सुंदर आवाज त्यानं वर्षभरात ऐकला नव्हता. दुसरी. तिसरी. दर गोळीला तो श्वास धरायचा आणि आवाज झाला की सोडायचा. गुण लिहायचे असतात याची डेसनं त्याला दोनदा आठवण करून दिली. मधोमध. मधोमध. पुन्हा मधोमध. गुणांच्या आठव्या गोळीला वाऱ्याची दिशा दाखवणारी निशाणं एकाएकी उलटी फिरली आणि गोळी बाजूला गेली. एक गुण गेला. नववी मधोमध, दहावी मधोमध.

ढाल एका गुणानं गेली.

बिलार्गावाले टोप्या उडवत होते. डेस पाय आपटत होता. ग्लेनिस उठली, गुडघे झटकले आणि क्लॅरीसमोर आली.

"आठवी माझी," ती म्हणाली. "बारूद तुझी होती, वारा मी वाचायचा होता. तुझ्या गोळ्या सांगितलं तिथं गेल्या." तिनं त्याच्या डोक्यावरची हॅट काढली, उलटी केली आणि बारा रिकामी टरफलं तिच्यात ओतली. अजून कोमट होती. "शनिवारी भरून हवीत. आणि बोर्डावर लिही, क्लॅरीची चालतात."

"मुळीच नाही!" क्लॅरी उसळला. "नियम म्हणजे नियम. तू दर शनिवारी गाडीत बसायचंस आणि माझ्यादेखत तोलायचंस."

"काचा वर करून?"

"काचा वर करून."

"फुसक्या," ग्लेनिस म्हणाली आणि स्कोन खायला निघून गेली. क्लॅरी हॅटमध्ये हात घालून बराच वेळ टरफलं चाळत बसला. हरलेल्या संघातला इतका खूश माणूस त्या मैदानानं पाहिला नसेल.

सोमवारी सकाळी एल्सानं सवयीनं स्वयंपाकघराचं दार ओढून घेतलं आणि चहा घेऊन व्हरांड्यात बसली. कुंपणापलीकडं शेजारच्यांचा कुत्रा येऊन बसला होता. कान टवकारून, भुंकायच्या तयारीत.

चहा संपला. आतून काही आवाज येईना. एल्सानं दार उघडून पाहिलं. अडतीस काडतुसांचा डबा टेबलावर झाकण लावून ठेवलेला होता, हातोडी खुंटीला होती आणि क्लॅरी खुर्चीत मान टाकून घोरत होता. डोक्यावर पंखा भरवेगानं फिरत होता.

तिनं दार हळूच लोटलं. कुत्रा अजून वाट बघत बसला होता.

"जा रे बाबा घरी," ती त्याला म्हणाली. "आज काही नाही."