दोन कानांची जोडी, दोन माणसांत वाटलेली

मी एक जुनं श्रवणयंत्र आहे. खरं तर अर्धंच, उजव्या कानाचं. डावं यंत्र माझा जोडीदार. मित्रांनो, आमच्यात तार नाही, तरी आम्ही सतत एकमेकांना निरोप देतो. आवाज कोणत्या बाजूने आला, हे दोघं मिळून ऐकणाऱ्याला उमगू देतो. एकाचं बटण दाबलं की दुसऱ्याचाही आवाज वाढतो.

शिरपूरच्या लीलाधर नानांच्या कानांसाठी आम्हाला बेतलं होतं. जळगावच्या मेहरूणला राहणाऱ्या त्यांच्या लेकीने, हेमांगीने, आणून दिलं. नानांची बायको बेबाबाई, तिलाही कमीच ऐकू येई.

"दोन भाकरी ऱ्हायन्यात तं मी एकलाच खाऊ का?" असं म्हणून नानांनी डावं यंत्र तिच्या कानात घातलं.

दोघं बंगईवर, म्हणजे झोपाळ्यावर, शेजारी बसून शेंगा फोडत. रस्त्यावरचं बोलणं ऐकायला नाना माझं बटण दाबत. मी इमानाने निरोप धाडी आणि बेबाबाईच्या कानात टरफलांचा कडकडाट होई. ती डोळे मिटून घेई. बोट नानांचं होतं. पण घाव माझ्यामार्फत पोचत होता. मला थांबता येत नव्हतं.

शेवटी तिने यंत्र काढून ठेवलं. नाना चिडले, "मन्हं देयेल तुले कधी गोड लागनं का?"

तिने मुकाट्याने ते पुन्हा घातलं.

दिवाळीला हेमांगी आली. तिच्यासमोर नानांनी बटण दाबलं आणि बेबाबाईने कान गच्च धरला.

"आई, दुखतंय? सांगितलं का नाहीस?"

"इतलं हाऊसथीन दिन्हं त्यासनी. कसं सांगू, माय?"

हेमांगीने आमची रीत समजावली. नानांच्या हातातली शेंग तशीच राहिली. "तुना कानवर मीच मारत ऱ्हायनू," ते पुटपुटले.

"आधी तोंडथीन वरडेत, आते बटनथीन!" बेबाबाई हसली. नाना हसले नाहीत.

जळगावला तिचे कान तपासून तिच्यासाठी वेगळी जोडी आणली. माझा जोडीदार मला परत मिळाला. आता नानांना तिची हाक नेमकी कोणत्या बाजूने आली, ते कळतं.

मित्रांनो, आमची जोडी फोडू नका. आणि प्रेमाने काही दिलंत, तर ते खुपत नाही ना, एवढं विचारा. आता माझं बटण दाबून तिला काहीच होत नाही. तरी नाना आधी तिच्या चेहऱ्याकडे बघतात, मगच बटणाकडे बोट नेतात.