पिशवी सरळ करताना

गुरुवारी माझी गर्भपिशवी आतून बाहेर उलटली, आणि तिच्यामागोमाग आमचं घरही उलटलं. मांडणी जिन्यात गेली, जिना स्वयंपाकघरात आला. वरच्या मजल्यावरच्या मोडकबाई चढता चढता माझे डबे उघडून बघत होत्या. एरवी त्यांना निमित्त शोधावं लागे.

डॉक्टर बेळ्यांनी तपासलं. "आत गाठ वाढली. तिच्या वजनानं पिशवी ओढली गेली, मोज्यासारखी उलटली. बाळंतपणात होतं असं क्वचित. तुमचं बाळंतपण..."

"नाही झालं," मी म्हटलं. "लग्नाला नऊ वर्षं झाली."

"शालन, रिकामीच आहे तर काढून टाक की," कुंदावन्सं म्हणाल्या. माझ्या थोरल्या नणंद. कुणाचं आजारपण म्हटलं की सगळ्यांत आधी पोचतात. डबा तेवढा आणायचा राहतो.

"मला ती हवीय."

"गाठ काढतो, पिशवी सरळ करून बघतो," डॉक्टर म्हणाले. "नाही झाली तर मात्र काढावी लागेल." त्यांनी फॉर्म पुढे केला. मी सही केली, ती कागदाच्या मागच्या बाजूला उमटली. चालेल म्हणाले.

मला कमरेखाली बधिर केलं. एव्हाना ऑपरेशन थिएटरही उलटलं होतं, त्यामुळे बाहेरचा बाक टेबलाशेजारी होता आणि वन्सं त्यावर बसून शेंगा सोलत होत्या.

गाठ निघाली. पिशवी येईना.

"तोंड आवळलंय," डॉक्टर म्हणाले आणि सिस्टरनं पिशवी काढायच्या हत्यारांचा ट्रे ओढला.

मी ब्लाउज शिवते. नाडीची अरुंद पट्टी उलटवताना तोंडाशी अडली, तर पट्टी कुणी फेकत नाही.

"मागच्या बाजूनं कातर मारा," मी म्हटलं. "नंतर शिवता येतं."

त्यांनी मारली. ढकलत ढकलत त्यांचा हात कोपरापर्यंत आत गेला. "झाली सरळ."

"टाके?" सिस्टरनं विचारलं.

"थांबा. आतून कुणीतरी माझा हात धरलाय."

वन्संचं सोलणं थांबलं.

"लहान हात आहे की मोठा?" मी विचारलं.

डॉक्टरांनी बराच वेळ अंदाज घेतला. "ओळखीचा असल्यासारखा धरलाय," एवढंच म्हणाले.

मग त्यांचा खांदा आत गेला. चौकट ठेंगणी असावी तशी मान वाकवून हिरवी टोपी गेली. टेबलाखाली त्यांच्या चपला राहिल्या, कुणाच्या दारात काढून ठेवाव्यात तशा.